दारातली पैज

दार हेरंबला ओळखत होतं, पण आत घेत नव्हतं. “ही तुमच्यासाठी जुगाराची जागा आहे,” ते म्हणालं. “तुमच्याच अर्जावरून प्रवेश बंद.”

ऑनलाइन कॅसिनो सुटावा म्हणून हेरंबने स्वतःहून मनगटाला पट्टा बांधून घेतला होता. पैजेची धडधड झाली की पट्टा वाजायचा आणि ज्याच्यावर पैज, त्याच्याजवळ जायची बंदी यायची. बायको मृणाल जामीन राहिली, म्हणून तिलाही एक पट्टा बांधला होता. तुमचा पट्टा पुन्हा वाजला तर मी माहेरी जाईन, असं तिने बजावलं होतं.

“कशावर लावलीत?” तिने आतून विचारलं.

“कशावरच नाही गं. पट्टा बिघडलाय.”

“मग नेमकं घरच कसं बंद झालं?”

हेरंबने हातातली कोथिंबीर उगाच हुंगली. “खालच्या पेडणेकरांशी, एका कटिंग चहावर. आज तू पिठलं करणार की उसळ, एवढंच. वास आला आणि पट्टा वाजला.”

“माझ्या स्वयंपाकावर?”

“पिठलंच आहे ना पण?”

आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मग मृणाल घरातच असलेल्या नणंदेला खुशीत म्हणाली, “बघा वन्सं, आठवडा टिकणार नाहीत म्हटलं होतं ना? आता महिनाभर भांडी तुमच्याकडे.”

तिचा पट्टा वाजला.

ती बॅग घेऊन दाराशी आली. दार हललं नाही. “बाहेर हेरंब उभे आहेत,” ते म्हणालं. “तुमच्यासाठी ते बंद आहेत.”

हेरंबने ते ऐकलं, चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेर ऐसपैस मांडी घातली.