पेज आहे की नाही

"विहिरीत पाणी आहे का, हे उडी मारून बघतात का रे?" मी भर मीटिंगमध्ये विचारलं.

आमच्या कर्नलवर, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरवर, चालणारा आयसीयूतला मॉनिटर सुरू होतानाच बंद पडला होता. मेमरीचं पेज, म्हणजे मेमरीतला एक ठरावीक तुकडा, खरंच आहे का, हे तपासायला माझ्या टीममधल्या तन्वीरच्या कोडनं थेट तेच पेज वाचलं होतं. पेज नव्हतंच, कर्नल कोसळला.

"मॅडम, केबिनमध्ये बोलूया?" तन्वीर हळूच म्हणाला.

"का? अब्रू जाते? कुठल्या दिवट्यानं शिकवलं हे?"

त्यानं माझ्याच ट्रेनिंगच्या नोट्स पुढं सरकवल्या. त्यात हाच कोड होता, शब्दन् शब्द.

"आणखी कुठं वापरलंय?" मी कसंबसं विचारलं.

"सगळ्याच मॉनिटरमध्ये, मॅडम. तुम्हीच सक्तीचं केलं होतंत."