जागा ठरली

कळंब्याच्या रस्त्याला वस्ती वाढत गेली, पण तिथल्या महापालिकेच्या शाळेला स्वतःची इमारत नव्हती. शिवलीलाबाई समाजमंदिराच्या व्हरांड्यात चारही वर्ग एकत्र बसवायच्या, आणि आत कुणाचं बारसं निघालं की शाळेला सुट्टी द्यायच्या. जागेसाठी फिरून त्या थकल्या होत्या. ज्यांच्याकडे जावं ते म्हणायचे, "शाळा पाहिजेच हो बाई, पण आमच्या शेजारी नको."

या फेऱ्यांत बाईंसोबत एकच पालक यायची, बयाबाई. बांधकामावरचा रोज बुडवून ती यायची आणि महापालिकेतल्या साहेबांना तोंडावर विचारायची, "आमच्या पोरीनं उनात बसून शिकायचं व्हय?"

त्या दिवशी बयाबाई नेमकी आली नव्हती. साहेब म्हणाले, "बाई, सुटला तुमचा प्रश्न. आपल्याच मालकीची जागा निघाली. आजच ताब्यात घेतोय."

इतकी वर्षं ऐकायचं होतं ते ऐकूनही बाईंना आधी खुर्चीत टेकावंसं वाटलं. मग त्यांनी पावशेर पेढे घेतले आणि विचारत विचारत पहिल्यांदाच बयाबाईचं घर गाठलं.

बयाबाई छपराचे पत्रे उतरवून हातगाडीवर रचत होती. पोरगी चुलीजवळची भांडी पोत्यात भरत होती.

"बयाबाई, हे काय चाललंय?"

 

"सांजच्यापतोर जागा मोकळी करा म्हणून सांगून गेल्यात, बाई. हितं शाळा बांधणार हायत म्हणं."