गार दालनातला नवरा

कलासंग्रहालयाच्या दुसऱ्या दालनात नवऱ्याची पाठ दिसली आणि तिने खांद्यावरची बॅग सावरली. घराची किल्ली त्याच्या हातावर ठेवायची आणि थेट बहिणीचं घर गाठायचं, एवढंच काम उरलं होतं. परत यायचं की नाही, ते तिकडे गेल्यावर बघू.

तसं भांडण झालंच नव्हतं. भांडायला समोरच्याने निदान ऐकावं तरी लागतं. इथे सगळं नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! गॅस संपला म्हटलं तरी हा ‘हं’, पाठ धरलीय म्हटलं तरी ‘हं’. ती याच संग्रहालयात गाईड होती. उन्हाळी प्रदर्शनातल्या चित्रांची माहिती यंदा तिच्या आवाजात रेकॉर्ड झाली, तेव्हा ती नाचतच घरी आली होती. त्यावरही पेपराआडून आलं ते ‘हं’च. त्या दिवशी मात्र स्वयंपाकघरात जाऊन ती खरोखर रडली.

आणि शाळेला सुटी लागल्यापासून हे गणिताचे मास्तर रोज इथे हजर! चित्रातलं ओ की ठो कळत नाही. बाहेर अंगणात मुलं मातीकाम करतात, दुपारी बाहुल्यांचा खेळ असतो, संध्याकाळी गाणं. तिकडे हा फिरकत नाही, सरळ चित्रांच्या दालनात शिरतो.

“अगं, तुझे हे रोज दार उघडायच्या आधीच येऊन उभे. मला म्हणतात...” तिकीट खिडकीतली मैत्रीण आत्ताच सांगत होती.

“माहितीये गं. एसी आहे ना इथे! फुकटची गार हवा कोण सोडतंय?” तिने मैत्रिणीला पुरतं बोलूही दिलं नव्हतं.

तो होडीच्या चित्रासमोर उभा होता. कानांवर हेडफोन चढवलेले. डोक्यात राख घातलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? मॅचची कॉमेंट्री! घराला आग लागली तरी हा माणूस आधी स्कोअर विचारेल, तिने मनात म्हटलं. त्याची मान डोलत होती. मध्येच तो खुदकन हसला. आपल्या बोलण्यावर हा शेवटचा कधी हसला होता, ते तिला काही केल्या आठवेना.

“अहो.”

मान डोलतच राहिली.

“अहो, मी चाललेय.”

त्याने उलट हेडफोन कानांवर आणखी दाबून धरले. आता मात्र हद्द झाली. तिने किल्ली मुठीत आवळली आणि त्याच्या खांद्यावर चांगली जोरात थाप मारली.

त्याने वळूनही पाहिलं नाही. नुसता हात वर केला.

“श्श! जरा थांबा हो,” तो म्हणाला. “माझी बायको बोलतेय.”