वाटून घेतलेलं नैराश्य

“एकच दिवस काढला हो, सिस्टर. पोरीच्या लग्नात माझंच तोंड उतरलेलं कसं चालेल?” द्वारकाकाकूंनी घाईघाईने पट्टा पुन्हा मनगटावर बांधला.

या पट्ट्यांतून वाडीतली चाळीस घरं शिवदासचं नैराश्य वाटून घेत होती. प्रत्येकाला रोज थोडं जड वाटायचं, एवढंच. शिवदास मात्र कामावर जाऊ लागला होता.

“काल सगळ्यांनीच काढला, काकू. तुमच्याकडे लग्नाला यायचं म्हणून.”

“मग आमचा वाटा?”

“त्याच्याकडेच परत गेला. सकाळपासून तो उठलेला नाही, बोलतही नाही.”

काकूंनी मनगटावरचा पट्टा आणखी घट्ट आवळला. काल शिवदास पंगतीत वाढायला आला होता. त्याचा चेहरा पाहून काकूच ओरडल्या होत्या, “अरे, हस की जरा! लग्नघर आहे.”

आणि तो हसला होता.