व्याह्यांच्या घरचा गुरगुट्या भात

ताट समोर आलं आणि वाल्मीकरावांचा जीव भांड्यात पडला. गुरगुट्या भात, त्यावर मुगाचं वरण, तुपाची धार. शेजारी दुधीची भाजी, तीही पार विरघळलेली. नामपूरच्या कांदा व्यापाऱ्याचं घर, मुलीची सोयरीक ठरवायला आलेले पाहुणे आणि ताटात हे. वाल्मीकरावांना देवच पावला म्हणायचा.

शेजारी बसलेले त्यांचे मेहुणे जयराम मात्र ताटाकडे बघून लालेलाल झाले.

त्याचं असं होतं. महिन्याभरापूर्वी वाल्मीकरावांच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. जेवण झालं की आंबट पाणी घशाशी यायचं, छातीत आग पडायची, रात्री उशांचा ढीग रचून बसल्या बसल्या झोपायचं. शेवटी डॉक्टरांनी जठराचं वरचं टोक अन्ननलिकेभोवती गुंडाळून शिवून टाकलं. जळजळ गेली, पण जेवण्याची रीतच बदलली. आधी नुसतं पाणी, मग पेज, आता कुठे मऊ अन्न. घास लहान, तोंडात त्याचं पाणी होईपर्यंत चावायचा. घाई केली की छातीत अडकलाच. आणि हे सांगितलं कोणाला, तर नाशिकला द्वारका चौकातल्या आपल्या टायरच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये अख्खी मिसळ संपवणाऱ्या माणसाला. त्यात आग्रहाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नाही. कोणी एक पोळी वाढते म्हटलं की यांनी दोन घेतल्याच.

ऑपरेशनची गोष्ट नामपूरकरांना सांगायची नाही, असा जयरामांचा हुकूम होता. पोटाचं ऑपरेशन म्हटलं की लोक भलताच आजार समजतात, तारीख ठरेपर्यंत तोंडाला कुलूप. ते वाटेत चांदवडला गाडीत बसले ते हेच बजावत आले.

नामपूरच्या मुलाचं, म्हणजे महेशचं, वाल्मीकरावांच्या तेजस्विनीशी चांगलंच जमलं होतं. अडलं होतं ते त्याच्या आजीच्या, आक्काबाईंच्या होकारावर. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. आणि बागलाण तालुक्यात आक्काबाई दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध: खापरावरचे पुरणाचे मांडे आणि आग्रह. वाल्मीकरावांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं की पोरीसाठी दोन मांडे खायचे, मग पोटाचं काय व्हायचं ते होवो. सकाळी निघताना तेजस्विनी गाडीपर्यंत आली होती. तिने बापाची कॉलर सारखी केली आणि आत गेली. तिचा काळजीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

आणि आता ताटात मऊ भात. वाल्मीकराव मन लावून चावू लागले. महेश वाढायला होता. एकदा वाढून गेला तो परत विचारायलाही आला नाही. आक्काबाई समोर खुर्चीवर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "घाई नही शे, जेवा निवांत."

जयरामांचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. ते वाल्मीकरावांच्या कानाशी लागले. दाजी, लक्षण बरं दिसत नाही, म्हणाले. आजाऱ्याचं जेवण वाढलं, आग्रह नाही, विचारपूस नाही. आणि आतून पुरणाचा वास येतोय, आला का तुम्हाला?

वास खरंच येत होता. वेलदोड्याचा, गुळाचा, खापरावर भाजलेल्या मांड्यांचा. म्हणजे मांडे केले होते, पण यांच्यासाठी नव्हते. ज्या भाताने आपल्याला वाचवलं त्यानेच पोरीचा घात केला, असं वाल्मीकरावांना वाटलं आणि मघाशी खूश झाल्याची लाज वाटली. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"आजी," ते म्हणाले, "मांडे केलेत ना? मला वाढा."

पलीकडे बसलेल्या आशाताईंनी, त्यांच्या बायकोने, त्यांचा हात गच्च धरला. वाल्मीकरावांनी तो सोडवला आणि ताट पुढे केलं.

आक्काबाईंनी नकाराची मान हलवली. "तुम्हाला नाय मिळायचे," त्या म्हणाल्या.

जयराम उठायलाच निघाले होते. आक्काबाईंनी हातानेच त्यांना खाली बसवलं.

"तुमच्या पोरीचा फोन आला व्हता सकाळी. म्हणे, आजी, पप्पांचं पोटाचं ऑपरेशन झालंय. ते तुम्हाला सांगायचे नाहीत, अन् तुम्ही वाढलं तर नाहीबी म्हणायचे नाहीत. सोयरीक नाही जमली तरी चालंल, पण माझ्या पप्पांना आग्रह करू नका."

वाल्मीकरावांनी पुढे केलेलं ताट मागे ओढलं. घास अडकावा तसं त्यांच्या छातीत काहीतरी दाटलं, पण हे दुखत नव्हतं. आशाताईंनी पदर डोळ्यांना लावला. आक्काबाईंचं सांगणं चालूच होतं. काय शिजवायचं तेही म्हणे पोरीलाच विचारून घेतलं होतं. एकट्या वाल्मीकरावांच्या ताटात मऊ भात वाढला असता तर बिचारे ओशाळले असते, म्हणून तिघांनाही तोच वाढला.

जयराम खाली मान घालून रिकाम्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. पण वास काही त्यांना स्वस्थ बसू देईना. मग ते मांडे कोणासाठी, असं त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

आक्काबाईंनी आत हाक मारली. महेश कापडात बांधलेला मोठा डबा घेऊन आला आणि त्याने तो वाल्मीकरावांच्या शेजारी ठेवला.

"हे नाशिकला न्यायचेत," आक्काबाई म्हणाल्या. "माझ्या नातसुनेला."