पायथ्याची गोदावरी

"वाटाड्या आंधळ्याला लागतो," रंगनाथराव म्हणाले आणि पायरीवर बसलेल्या केरूला त्यांनी छडीनं बाजूला सारलं.

केरू पायथ्याच्या पाथर्डी गावचा. लोकांना पांडवलेणी दाखवता दाखवता त्याचे केस पिकले होते. तो उठून झाडाखाली जाऊन बसला.

बयाबाईंना वाईट वाटलं. पुणं सोडल्यापासून त्या नवऱ्याकडून हेच ऐकत होत्या. वाटाडे थापा मारतात. बुद्धाला धर्मराज म्हणतात आणि बावळट माणसं माना डोलावतात. शहाण्यानं पुस्तक घ्यावं आणि आपलं आपण फिरावं. पुस्तक अर्थात रंगनाथरावांनीच लिहिलेलं. नाशिक पाहू इच्छिणाऱ्यांसाठी, नकाशासह, तिसरी आवृत्ती, सन १९३६.

वर चढल्यावर रंगनाथराव प्रत्येक लेण्यासमोर उभे राहून आपलंच लिखाण मोठ्यानं वाचू लागले. नक्षीकडे त्यांची पाठ होती. पुस्तकातल्या तिसऱ्या लेण्यात स्तूप होता. इथल्या तिसऱ्यात खांब पेलणारे बुटके यक्ष निघाले.

"सरकारनं नंबर बदललेले दिसतात," ते म्हणाले आणि पान उलटलं. "सरकारी कारभार हा असा."

बयाबाईंना त्या यक्षांविषयी विचारायचं होतं. त्यांनी विचारलं नाही. पुस्तकात यक्ष नव्हते.

बाराव्या पानावर लिहिलं होतं, 'लेणी पाहून श्रमलेल्या यात्रेकरूंनी पायथ्याशी खळाळणाऱ्या गोदावरीत स्नान करावे, मगच शहरात प्रवेश करावा.' त्याप्रमाणे त्यांनी स्टेशनवरून टांगा थेट इकडे आणला होता. बयाबाईंच्या बोचक्यात कोरडं लुगडं होतं, धोतर होतं, पंचा होता.

दोघं खाली उतरली. समोर ज्वारीची शेतं, मुंबईला जाणारी सडक आणि एक कोरडा नाला. रंगनाथरावांनी नकाशा उघडला, आडवा धरला, उभा धरला. मग पंचा खांद्यावर टाकून ते टेकडीच्या बगलेनं नदी शोधायला निघाले. बयाबाई झाडाखाली केरूजवळ येऊन टेकल्या.

"बाबा, नदी कुठल्या अंगाला आहे?"

"गोदामाई हितं कुठली, बाई? ती तिकडं पंचवटीला. अडीच कोस तरी असंल." केरूनं तंबाखू मळली. "ते पुस्तक लय जण घेऊन येतात. आन समदे असेच पंचा घेऊन हिंडतात. आमची मेंढरंबी हसत्यात आता. ज्यानं कुणी लिहिलं ना, त्यानं नाशकात पाऊल ठेवलेलं नाय."

बयाबाई हसल्या नाहीत. बोचक्याची गाठ त्या सोडत राहिल्या, बांधत राहिल्या.

घामाघूम होऊन रंगनाथराव परतले. धोतराला कुसळं चिकटली होती.

"पात्र बदललेलं दिसतंय नदीनं," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत टीप घालीन. चल, बस टांग्यात. आणि या अडाण्याशी काय बोलत होतीस?"

बयाबाई उठल्या नाहीत.

"पुस्तक लिहायला म्हणून तुम्ही चार महिने नाशकात राहिला होतात," त्या म्हणाल्या. आवाज अगदी हलका होता. "तेव्हाच आपली यमू तापानं फणफणली. मी इथल्या पत्त्यावर तीन तारा केल्या. पोर शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. तुम्ही आलात ते दहाव्या दिवशी. तारा मिळाल्याच नाहीत म्हणालात, आणि मी बारा वर्षं त्या तारवाल्याला शिव्याशाप दिले."

रंगनाथरावांनी पुस्तक मिटलं.

"कुठं होतात तुम्ही?"