चपलेचं टोक

लुलूच्या नाकपुड्या हलल्याच नाहीत. तिची नजर तिला सांभाळणाऱ्या कैलासच्या उजव्या चपलेवर होती. फेझंट पक्ष्यांच्या शिकारीसाठी इंग्लंडला निघण्यापूर्वी मालक बागेत शिकारी कुत्रीची परीक्षा घेत होते. त्यांनी बोगनवेलीमागे लपवलेल्या पंखाकडे कैलासने नेहमीसारखं चपलेचं टोक वळवलं. लुलू धावली आणि पंख घेऊन आली. "असं नाक साऱ्या बहारीनमध्ये नाही," मालक हसले. "यल्ला, चल कैलास, तुझंही तिकीट काढतो." लुलूला कधीपासून वासच येत नव्हता. निकामी कुत्रीबरोबर सांभाळणाऱ्याचीही नोकरी जाईल, म्हणून त्यानेच तिला ही खूण शिकवली होती. गेल्या हंगामात कैलासलाही न दिसलेला जखमी पक्षी झुडपात तडफडत मेला आणि ती चपलेकडेच बघत राहिली. शाबासकीसाठी हलणारी शेपटी पाहून कैलासची मान खाली गेली. "अरबाब, हिला नेऊ नका," तो मालकांना म्हणाला. "हिला वास येत नाही, ही माझी चप्पल बघते."